‘सिस्टर’ म्हणजे कोण? मुलांच्या इंग्रजी शब्दकोशांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
लहान मुलांसाठी इंग्रजी शब्दकोश, शब्दार्थसूची आणि सराववह्या तयार करणारे सर्व संपादक, लेखक व प्रकाशक यांस,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत तीसहून अधिक वर्षे शिकवले आणि आता निवृत्त आहे. महाराष्ट्रात 2000 साली मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा पाचवीपर्यंत इंग्रजीचा विचारही न केलेल्या माझ्यासारख्या अनेक शिक्षकांना सहा वर्षांच्या मुलांसमोर हा विषय घेऊन उभे राहावे लागले. तेव्हापासून शाळेच्या कपाटात आपण काढलेली रंगीत, गुळगुळीत कागदाची पुस्तके येत गेली, आणि त्यांचा मी मनापासून उपयोगही केला. त्यामुळे हे पत्र तक्रारीचे असले, तरी ते आपल्या पुस्तकांच्या एका जुन्या वाचकाकडून आले आहे, असे समजावे.

तिसरीतील एका मुलीने अशाच एका सचित्र कोशात ‘सिस्टर’ हा शब्द काढला. तो तिला अडला होता असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस टोचणाऱ्या बाईंना सगळे गाव सिस्टर म्हणते, आणि धड्यात मात्र एका मुलाची सिस्टर त्याच्याबरोबर पतंग उडवत होती, एवढीच तिची शंका होती. कोशात अर्थ दिला होता: स्त्रीलिंगी ‘सिबलिंग’. तिने पाने उलटून ‘सिबलिंग’ काढला. तेथे लिहिले होते: ब्रदर किंवा सिस्टर. ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, हे पुस्तक आपल्यालाच परत विचारतंय.”

त्या कोशाचे नाव मी लिहीत नाही, कारण हा दोष एका पुस्तकाचा नाही. कुत्र्याचा अर्थ ‘पाळीव मांसाहारी सस्तन प्राणी’ असा देणारी, छत्रीचा अर्थ ‘पावसापासून संरक्षण देणारे वाहून नेण्याजोगे साधन’ असा देणारी पुस्तके मी इतकी पाहिली आहेत, की हा दोष लेखकाच्या निष्काळजीपणातून येतो असे मला वाटत नाही. तो काळजीतूनच येतो. व्याख्या अचूक असावी, तिच्यात दुसरी कोणतीही वस्तू शिरू नये, या काळजीने लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर त्याचे सहकारी आणि परीक्षक असतात, ज्याच्यासाठी पुस्तक आहे ते मूल नसते. सॅम्युअल जॉन्सनसारख्या थोर कोशकारालाही हे चुकले नव्हते. त्याच्या 1755 सालच्या इंग्रजी कोशात ‘नेटवर्क’ म्हणजे जाळीची वीण, या साध्या शब्दाची व्याख्या अशा अवजड लॅटिन शब्दांत केली आहे, की जाळे रोज हाताळणारा कोळीही ती ऐकून आपण काय विणतो आहोत या विचारात पडावा. अर्थात जॉन्सन प्रौढांसाठी लिहीत होता.

लहान मूल व्याख्या कशी करते, हे तर शंभर वर्षांहून अधिक काळ शिक्षणाच्या जगाला ठाऊक आहे. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी पॅरिसमध्ये 1908 साली मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या वयानुसार मांडल्या, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाने वस्तूचा अर्थ तिच्या उपयोगावरून सांगावा, एवढीच अपेक्षा त्यांनी ठेवली होती. खुर्ची म्हणजे बसायची, चमचा म्हणजे खायचा. ‘अमुक प्रकारातील तमुक वैशिष्ट्याची वस्तू’ अशी व्याख्या करायला मूल नंतर शिकते. माझ्या वर्गात मी दरवर्षी हा खेळ घेत असे आणि मुलांची उत्तरे एका वहीत उतरवून ठेवत असे. छत्रीबद्दल एकाने सांगितले होते, “पाऊस आला की उघडायची, आणि शाळेत विसरायची.” त्यातला पहिला अर्धा भाग आपण छापावा, एवढीच माझी मागणी आहे.

या प्रश्नावर कोणी विचारच केलेला नाही, असेही नाही, आणि तो विचार बराचसा आपल्याच उपखंडात झाला. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक विसाव्या शतकाच्या आरंभी ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्य होते. बंगाली मुलांपैकी पुष्कळशी मुले शिक्षण अर्ध्यावर सोडून जातात, मग जेवढे इंग्रजी त्यांच्या पदरात पडले तेवढ्याचा तरी त्यांना काही उपयोग झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. विम्याचा हप्ता मध्येच थांबवला तरी हाती काही रक्कम यावी, तसे. याच विचारातून त्यांनी शब्दांची संख्या बांधून घेण्याची पद्धत उभी केली, आणि 1935 साली जे. जी. एंडिकॉट यांच्यासह एक शब्दकोश काढला, ज्यात सुमारे 24,000 शब्द व वाक्प्रयोग अवघ्या 1,490 शब्दांत समजावले होते. ज्याला ते 1,490 शब्द येतात, त्याच्यासाठी त्या कोशात ‘परत विचारणारी’ एकही व्याख्या नसावी, हा त्यामागचा हिशोब. पुढे 1978 साली लाँगमनच्या कोशाने सुमारे 2,000 शब्दांची मर्यादा घालून हाच मार्ग धरला. 1987 साली बर्मिंगहॅम येथे जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघालेल्या कोबिल्ड कोशाने आणखी एक पाऊल टाकले आणि तुटक व्याख्या टाकून देऊन शिक्षक वर्गात बोलतो तशी पूर्ण वाक्ये लिहिली.

शब्दमर्यादेला तोटाही आहे, हे मी मान्य करते. मोजक्या शब्दांत कोंबलेली व्याख्या कधीकधी इतकी वळणे घेते की मूळ शब्द बरा वाटू लागतो, आणि सोप्या म्हणून यादीत घेतलेल्या ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’ अशा शब्दांचे अर्थ पाहू गेले तर तेच सर्वांत अवघड निघतात. तरीही मर्यादा असलेली बरी. मर्यादा असली की लेखकाला निदान अडखळावे तरी लागते.

हे सर्व झाले इंग्रजीतून इंग्रजी समजावणाऱ्या कोशांबद्दल. आपल्याकडे मात्र मुलाच्या हाती पडतात ती बहुतेक पुस्तके इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द ठेवून मोकळी होतात, आणि माझी खरी तक्रार तेथे सुरू होते.

पहिली गोष्ट म्हणजे त्या मराठी शब्दाची निवड. ‘टेबल’पुढे ‘मेज’ छापलेले असते. आमच्या गावात टेबलाला मेज म्हणणारा माणूस मला तीस वर्षांत भेटला नाही. ‘ब्रिज’पुढे ‘सेतू’ असतो, जेव्हा शाळेच्या वाटेवर ओढ्यावरचा पूल रोज दोनदा ओलांडावा लागतो. अशा वेळी मुलाला एका अनोळखी शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा अनोळखी शब्द मिळतो, आणि ते दोन्ही पाठ करते. मोल्सवर्थने 1831 साली मराठी–इंग्रजी कोश काढला, त्यात लोकांच्या तोंडचे शब्द आणि वाक्प्रचार त्याने किती आस्थेने टिपले आहेत ते पाहिले, की आपल्या सराववह्यांतील मराठी कोठून येते असा प्रश्न मला पडतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर मी थोडी थांबते. एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द, ही मांडणीच अनेक ठिकाणी खोटी असते, कारण दोन भाषांनी जग एकाच ठिकाणी कापलेले नाही. ‘वेअर’ या शब्दापुढे आपण ‘घालणे’ लिहिता. पण आमच्या घरातली आई साडी नेसते, आजोबा फेटा बांधतात, ताई गजरा माळते, बाबा चष्मा लावतात, आजी कुंकू लावते, आणि सदरा व चप्पल मात्र सगळे घालतात. या सगळ्यांना इंग्रजीत एकच क्रियापद पुरते, ही किती आश्चर्याची गोष्ट आहे, आणि ती सांगितली की मुले किती खूश होतात, हे मी अनेकदा अनुभवले आहे. ‘राइस’चे तसेच. आई सुपात पाखडते ते तांदूळ, ताटात वाढते तो भात, आणि मावळात किंवा कोकणात वाऱ्यावर डोलते तेही भातच. इंग्रजीला आपल्या तांदळाचे आणि शिजलेल्या भाताचे वेगळे नाव ठेवायची गरज वाटली नाही, कारण ते ज्या थंड बेटावर वाढले तेथे हे पीक घेत नाहीत.

उलट दिशेनेही हेच घडते. आपण हात म्हणतो तो खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच. इंग्रजीत खांद्यापासून मनगटापर्यंतचा भाग ‘आर्म’ आणि पुढचा ‘हँड’. पाय म्हणजे ‘लेग’ही आणि ‘फूट’ही, आणि हातापायांच्या बोटांना इंग्रजीत वेगवेगळी नावे. आकाशातून भुरभुरते ते आणि गाडीवरच्या सरबतात पडते ते, दोन्ही आपल्याला बर्फच. आपल्या सूचीत मात्र ‘आर्म – हात’ आणि त्याच पानावर खाली ‘हँड – हात’ असे छापलेले मी पाहिले आहे, दोन्हींच्या शेजारी एकच चित्र. तेथे एक आकृती आणि तिच्यावर मनगटाशी एक रेघ एवढेच पुरे होते, कोणतीही व्याख्या लागली नसती.

नात्यांच्या शब्दांत तर मराठी इतकी श्रीमंत आहे, की इंग्रजी शब्द शिकवताना मुलांना इंग्रजांची थोडी कीव येते. काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान हे सगळे ‘अंकल’ कसे होतील, आणि मग लग्नात मामाने काय करायचे, असे मला एकाने विचारले होते. त्याचे म्हणणे बरोबर होते. ‘अंकल – काका’ ही नोंद त्याला फसवणारी होती.

तिसरी गोष्ट व्याकरणाची आहे, पण ती व्याकरणाच्या पुस्तकात कधी येत नाही. ‘हंग्री’पुढे आपण ‘भुकेला’ लिहिता, ‘थर्स्टी’पुढे ‘तहानलेला’. शब्द चुकीचे नाहीत, पण मधल्या सुट्टीत डबा उघडताना कोणते मूल “मी भुकेला आहे” असे म्हणते? ते म्हणते, “मला भूक लागली.” मराठीत भूक, तहान, झोप, थंडी, राग, भीती, आवड या सगळ्या गोष्टी माणसाकडे चालून येतात. मला तहान लागते, मला थंडी वाजते, मला राग येतो, मला आंबा आवडतो. इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच भुकेला असतो, गारठलेला असतो, आणि आंब्याला आवडून घेणारा कर्ता असतो. हा दोन भाषांच्या वाक्यबांधणीतला मूलभूत फरक आहे आणि तो एका शब्दापुढे दुसरा शब्द लिहून कधीच कळत नाही. म्हणून मूल ‘टू मी’पासून वाक्य सुरू करते आणि आपण त्याची चूक लाल शाईने खोडतो. ‘हॅव’ या शब्दाची दशा याहून बिकट आहे. माझ्याकडे पेन आहे, मला दोन भाऊ आहेत, मला ताप आहे, या तिन्ही वाक्यांत इंग्रजी ‘हॅव’ वापरते, आणि आपल्या सूचीत त्यापुढे फक्त ‘असणे’ लिहिलेले असते, जे ‘इज’पुढेही लिहिलेले असते. अशा शब्दांना व्याख्या नकोच. तीन ओळखीची मराठी वाक्ये आणि त्यांच्या शेजारी तीन इंग्रजी वाक्ये द्यावीत. ‘द’, ‘ऑफ’, ‘सम’ यांबद्दलही माझे हेच मत आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

एका छोट्या शब्दाबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. ‘ऑन’ म्हणजे वर आणि ‘अबोव्ह’ म्हणजेही वर, असे शिकून मुले गोंधळतात. मी अनेक वर्षे हावभाव करून फरक दाखवत राहिले आणि एके दिवशी लक्षात आले, की मराठीत तो फरक आयता आहे. पुस्तक टेबलावर असते, पंखा टेबलाच्या वर असतो. पहिल्यात शब्दाला चिकटलेला ‘वर’, वस्तूही चिकटलेली. दुसऱ्यात शब्द सुटा, वस्तूही सुटी. मुलांना हे एका मिनिटात समजले. इतकी वर्षे ते मला का सुचले नव्हते, याची मला अजून लाज वाटते, पण आपल्यापैकी कोणाच्या पुस्तकातही ते मला सापडलेले नाही.

आता मुलांना आधीच येणाऱ्या इंग्रजीकडे वळते. पहिलीत आलेल्या मुलाला इंग्रजीचा एकही शब्द येत नाही असे समजून आपली पुस्तके सुरू होतात, आणि ते खरे नसते. बस, पेन, मोबाईल, चार्जर, डॉक्टर, फॅन, बॅग हे शब्द त्याच्या मराठीतलेच आहेत, आणि त्यांच्यापुढे मराठी प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा “हा शब्द तुला येतो” एवढे लिहिले तरी मुलाला धीर येईल. पण त्यातच खाचखळगेही आहेत, कारण यांतले काही शब्द आपल्याकडे येऊन बदलले. आमची लाईट जाते, म्हणजे वीज जाते. आमचा ग्लास स्टीलचा असतो. आमच्या हॉटेलात राहत नाहीत, मिसळ खातात. आमची कॉपी परीक्षेत पकडली जाते. आणि आमचा पिक्चर टॉकीजला लागतो. ‘चित्राकडे पाहा’ अशी सूचना मी पहिल्यांदा इंग्रजीत दिली, तेव्हा वर्गातील निम्मी मुले पुस्तक सोडून दाराकडे पाहू लागली होती. अशा शब्दांची वेगळी खूण करून, इंग्रजीत त्यांचा अर्थ कोठे सरकतो ते एका वाक्यात सांगणे, हे काम मराठी मुलांसाठी मराठी संपादकच करू शकतो. परदेशी कोशाची नक्कल करून ते होणार नाही. ‘सिस्टर’ या शब्दाचे नेमके हेच झाले होते.

मुळाक्षरांच्या तक्त्यांबद्दल थोडेच बोलते. ‘आय’साठी बर्फाचे घर, ‘वाय’साठी हिमालयातला याक आणि ‘एक्स’साठी एक असे वाद्य, ज्याच्या नावाचा उच्चार ‘झ’ने सुरू होतो, ही परंपरा आता थांबवायला हरकत नाही. ‘एक्स’ शिकवायचा असेल तर ‘बॉक्स’ आणि ‘फॉक्स’ यांच्या शेवटी तो स्पष्ट ऐकू येतो. शब्दाच्या आरंभीच अक्षर दाखवले पाहिजे, असा नियम कोणी केला आहे?

आणखी एक अडचण आपल्याला पुण्या-मुंबईत बसून दिसणार नाही. ‘ग्वावा – पेरू’ असे लिहिले, की मराठवाड्यातले आणि विदर्भातले जे मूल त्या फळाला जांब म्हणते, त्याला एका शब्दासाठी दोन शब्द शिकावे लागतात. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी तर आपला छापील मराठी अर्थ हाच परका असतो. त्या मुलांसाठी चांगले चित्र हीच व्याख्या आहे, आणि म्हणूनच चित्रकाराला मानधन देताना हात आखडता घेऊ नये, असे मला सुचवायचे आहे. पिवळ्या डोंगरापुढे पिवळा पेरू काढला, तर तो आंबा आहे, लिंबू आहे की चेंडू, हे मोठ्यांनाही कळत नाही.

माझी विनंती एवढीच आहे, की पुस्तक छापण्यापूर्वी त्यातील पन्नास व्याख्या मूळ शब्द झाकून एखाद्या खेड्यातल्या तिसरीच्या वर्गात वाचून दाखवाव्यात, आणि शब्द कोणता ते मुलांनी ओळखावे. जेथे मुले ओळखतील ती व्याख्या ठेवावी, जेथे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील ती पुन्हा लिहावी. यासाठी शिक्षणतज्ज्ञांची समिती लागत नाही; एक सकाळ आणि एसटीचे तिकीट पुरते. व्याख्येत ‘असते’, ‘म्हणतात’, ‘तेव्हा’, ‘की’ असे बोलण्यातले शब्द यावेत आणि ती पूर्ण वाक्यात असावी, हे सांगण्याची गरज त्या सकाळीनंतर उरणार नाही.

दुसऱ्याला सांगणे सोपे असते, म्हणून निवृत्तीनंतर मी ‘सिस्टर’ची व्याख्या स्वतः लिहून पाहिली. चार संध्याकाळी गेल्या. शेवटी असे जमले: “तुझे आईबाबा हेच जिचेही आईबाबा आहेत, ती मुलगी तुझी सिस्टर. ती तुझ्यापेक्षा मोठी असली तरी सिस्टर, लहान असली तरी सिस्टर. काकाच्या, मामाच्या, मावशीच्या आणि आत्याच्या मुलीला इंग्रजीत सिस्टर म्हणत नाहीत, कझिन म्हणतात. दवाखान्यात इंजेक्शन देणाऱ्या बाईंनाही सिस्टर म्हणतात, पण ते नाते नाही, तो त्यांच्या कामाचा मान आहे.” शेजारच्या शाळेत जाऊन ती वाचून दाखवली. बहुतेक मुलांनी तिसऱ्या वाक्यापर्यंत ओळखले. एका मुलाने मात्र हात वर केला आणि विचारले, “बाई, बाबा एकच पण आई वेगळी असेल, तर?” त्या प्रश्नासाठी मी वहीत चार ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. आपल्यापैकी कोणाला योग्य वाक्य सुचले, तर ते पुढील आवृत्तीत अवश्य छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका